‘माले गणित येत नही’ म्हणणाऱ्या मुलासाठी

कापूस वेचणीच्या दिवसांत पंधरा दिवस शाळा बुडालेला मुलगा वर्गात परततो, तेव्हा अपूर्णांक संपून दशांश सुरू झालेले असतात. फळ्यावरचे समजत नाही म्हणून तो वही उघडत नाही, आणि वही उघडत नाही म्हणून पुढचेही समजत नाही. घरचे त्याला आळशी ठरवतात. अभ्यासाकडे पाहण्याच्या वृत्तीने गुण वाढतात-घटतात हे खरे. परंतु गुणांमुळेही वृत्ती घडते किंवा बिघडते. म्हणून ‘आवड निर्माण कर’ असा उपदेश करण्याआधी त्याचे अडले कुठे, हे शोधावे.

त्यासाठी मागील इयत्तेतील पाच-सहा उदाहरणे सोप्यापासून क्रमाने द्यावीत आणि हात जिथे थांबेल, तिथून रोज वीस मिनिटे शिकवावे. चूक झाल्यास उत्तर न सांगता ‘हे कसे केलेस?’ असे विचारावे, तेही घरच्या बोलीत. अहिराणी किंवा पावरी (सातपुड्यातील पावरा आदिवासींची बोली) बोलणारे मूल मनातले उत्तर प्रमाण मराठीत जुळवीत असते, तोवर प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असतो, आणि त्याचे मौन अनास्था म्हणून नोंदले जाते; माझ्या मते आपल्याकडची निम्मी ‘नावड’ अशीच तयार होते. केळीच्या घडातील नऊ फण्यांपैकी तीन काढल्या तर किती भाग उरला, हे तेच मूल अहिराणीत चटकन सांगते.

शाबासकी जपून द्यावी. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत ज्या मुलांची हुशारी वाखाणली गेली, ती अपयशानंतर मेहनतीची दाद मिळालेल्या मुलांपेक्षा लवकर खचली. अर्थात शब्दांनी चमत्कार होत नाही: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, बुद्धी वाढू शकते हे पटवून देणाऱ्या छोट्या उपक्रमामुळे मागे पडलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी श्रेणीत (कमाल सुमारे चार अंक) सुमारे ०.१ अंकाचीच भर पडली.

म्हणून सवयही बदलावी. धडा पुन्हा पुन्हा वाचल्याने ‘येते’ असे वाटते. पण रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले ते न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या. पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहायला लावावे.

पहिला फरक गुणपत्रिकेत शोधू नये. अडल्यावर वही मिटण्याऐवजी मूल ‘आठे काय करानं?’ (इथे काय करायचे?) असे विचारू लागले, की हातातले काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे.