बेस वाजवताय? या चुका टाळा: आधी सेल, मग केबल, खिशात हात सगळ्यात शेवटी

गेल्या डिसेंबरात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर दुसऱ्याच गाण्यात माझ्या बेस गिटारचा आवाज फुटायला लागला. आधी घसा बसल्यासारखा आवाज, मग फटफट, आणि तिसऱ्या गाण्याच्या मुखड्याला साफ बंद. मी अ‍ॅम्प बंद करून चालू केला, डीआय बॉक्स (गिटारचा आवाज मिक्सरला जोडणारी डबी) बदलला, साउंडवाल्याकडे दुसरी लाइन मागितली, वर त्याला दोन शब्द वाकडे ऐकवले. एव्हाना कीबोर्डवाल्या दादांनी डाव्या हाताने बेस धरला होता. वऱ्हाडात कुणाला पत्ताही लागला नाही. ढोलकीवाल्याला मात्र लागला. तो माझ्याकडे बघून नुसता हसत होता. चौथं गाणं संपल्यावर म्हणाला, "भाऊ, सेल बघितला का?"

नव्हता बघितला. आदल्या रात्री रियाज झाल्यावर मी केबल न काढताच गिटार स्टँडवर ठेवून झोपलो होतो.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये (आत सेलवर चालणारं सर्किट असलेल्या गिटारमध्ये) ९ व्होल्टचा चौकोनी सेल असतो आणि त्याला वेगळं बटण नसतं. सॉकेट स्टिरिओ असतं. आपली साधी मोनो पी-३८ पिन आत गेली की सेलचं सर्किट जोडलं जातं, पिन बाहेर काढली की तुटतं. म्हणजे केबल लावून ठेवलेली गिटार ही रात्रभर चालू ठेवलेली बॅटरीच. वाजवून झालं की पिन काढायची, एवढी सवय लागली तर अल्कलाइन सेल कित्येक महिने पुरतो. मी एम. जी. रोडवरून सेल घेतला की त्याच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो आणि दुसरा बॅगेत टाकतो. फाटका, दबलेला आवाज ही सेल संपत आल्याची खूण आहे. अ‍ॅम्प गेला असं समजून दुकान गाठू नका.

आवाज गेला की आपला संशय पहिल्यांदा सगळ्यात महाग वस्तूवर जातो. शोध उलट्या बाजूने घ्यायचा: सेल, केबल, गिटारचं सॉकेट, पेडल, डीआय, आणि शेवटी अ‍ॅम्प. माझ्या अनुभवात अ‍ॅम्पपर्यंत पोचायची वेळ क्वचितच आली आहे.

शॉक लागतोय? मग गाणं नंतर

हे जरा सविस्तर लिहितो, कारण यात जीव जातो. लॉन्सवर स्टेजचे लाइट जनरेटरवर, साउंड दुसऱ्या बोर्डावर आणि तुमचा अ‍ॅम्प मंडपवाल्याने ओढून दिलेल्या तिसऱ्याच वायरवर, असा प्रकार सर्रास चालतो. बेसच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. एकीकडे अर्थिंग धड नसेल आणि त्यात गळती असेल, तर तारेवर हात ठेवून कोरससाठी माइकला ओठ लावले की मधली वायर तुम्ही होता.

मल्टिमीटर एसीवर ठेवायचा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा वर चढला तर जोडणी बदलून घेतल्याशिवाय गिटार गळ्यात घालायची नाही. मीटर नसेल तर निदान तारेला आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. शक्यतो बॅकलाइन (स्टेजवरचे वादकांचे अ‍ॅम्प) आणि साउंड एकाच पॉइंटवरून घ्यायला लावा. "कार्यक्रम थांबलाय, लवकर करा" असं कुणीही म्हणू दे.

हमिंग (स्पीकरमधली सततची घूं) जावं म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. हम जातो हे खरं, पण शॉकपासून वाचवणारी एकमेव वायरही जाते. डीआय बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं, ते त्यासाठीच आहे. ते फक्त सिग्नलच्या कॅनन केबलमधला ग्राउंड सोडवतं, अ‍ॅम्पच्या अर्थिंगला हात लावत नाही.

हम कुठून येतोय हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर आतलं ग्राउंडिंग ठीक आहे. तारांना लावून काही फरक नाही, पण केबलच्या पिनच्या धातूला बोट लावल्यावर कमी होतो, असं असेल तर ब्रिजखालची ग्राउंड वायर तुटली आहे. सोल्डरिंग येणारा कुणीही पाच मिनिटांत जोडून देईल. जॅझ बेस पद्धतीच्या गिटारवर दोन्ही पिकअपचे (तारांखाली आवाज टिपणारे चुंबक) व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम एकमेकांना मारतात, एक कमी केला की परत येतो. आणि मागे एलईडी वॉल असेल तर स्टेजवर दोन पावलं इकडेतिकडे सरकून बघा. फरक ऐकून चकित व्हाल.

केबल आणि सॉकेट

सॉकेटचा नट सैल झाला की तो बाहेरून पान्याने पिळायचा नाही. आतलं सॉकेट सोबत फिरतं आणि वायरी तुटतात. प्लेट उघडा, आतून धरा, मग आवळा. व्हॉल्यूमचं बटण खरखरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर आणा. बिजागऱ्यांचा गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो धूळ धरून ठेवतो.

अ‍ॅम्पच्या हेडपासून स्पीकरच्या कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावणं ही दुसरी नेहमीची चूक. दिसायला दोन्ही केबल सारख्याच. पण गिटारच्या केबलमधली आतली तार बारीक असते, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही आणि ती तापते. उलट स्पीकरची केबल गिटारला लावली तर तिच्यात शील्ड नसल्यामुळे ती सगळा कचरा गोळा करून आणते. मी स्पीकर केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावली आहे. ओहमचंही तसंच. ८ ओहमची दोन कॅबिनेट जोडली की लोड ४ होतो, तिसरं जोडलं की २.६७. हेडवर 'किमान ४' लिहिलं असेल तर तिसऱ्या कॅबिनेटचा मोह सोडा.

नाशिकची हवा आणि गिटारचा नेक

निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आमच्या गिटारीही बोलायला लागतात. थंडीत स्टीलची तार लाकडापेक्षा जास्त आकसते, म्हणून रात्री उघड्यावर वाजवताना बेस चढतो. दुपारी घरी लावलेला सूर नऊ वाजता लॉन्सवर उपयोगाचा नाही. गिटार अर्धा तास आधी बॅगेबाहेर काढून ठेवा, मग ट्यून करा. स्टेजचे दिवे तापले की ती पुन्हा उतरते, तेव्हा मध्येच बघा. मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवणाऱ्याला मी काय सांगू? ठेवू नका.

पावसाळ्यात लाकूड ओल पितं आणि नेक हलतो. माझ्या पाच तारीचा नेक दर जुलैत पुढे वाकतो, जुन्या चार तारीचा जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणून ठोकताळा न मांडता मोजायचं. तारा सुरात लावून घ्या. सगळ्यात जाड तारेचा पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) एका हाताने दाबा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दुसऱ्या हाताने. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यात एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) आवळायचा, फट नसेलच तर सोडायचा. एका वेळी पाव फेरा. मग ट्यून करा, चहा घ्या, पुन्हा मोजा. किल्ली अडली तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. तिथे जोर लावणाऱ्याची गिटार पुढे भिंतीवर शोभेला लागते.

तार फ्रेटला घासून खरखरते तेव्हा बहुतेक जण सरळ ब्रिज वर उचलतात आणि मग बोटं दुखतात म्हणून तक्रार करतात. पहिल्या पाच फ्रेटमध्येच खरखर असेल तर नेक फार सरळ झालाय. बॉडीकडच्या फ्रेटवर असेल तर तार खाली आहे. एकाच फ्रेटवर असेल तर तो फ्रेट उचकटलाय. नेक आधी, तारेची उंची नंतर, आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती शिवून निघणारा सूर) चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्यायचं. पिकअप तारेच्या फार जवळ आणला की चुंबक तार ओढतं आणि जाड तारेचा सूर डुगडुगतो. त्याला इंटोनेशन समजून तासभर स्क्रू पिळत बसलेला माणूस मीच.

मोठ्यांचं बघून

अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तारा तुटेपर्यंत बदलत नसे, हे वाचून आमच्यातल्या एकाने तीन वर्षं तारा बदलल्या नाहीत. जेमरसनच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या. त्या गुळगुळीत असतात, आणि जुन्या होतात तशा अजून गोल, गिच्च वाजतात. आमच्या मित्राच्या राउंडवाउंड होत्या. खाचांत घाम आणि मळ बसून त्या नुसत्या मेल्या. जेमरसनचं घ्यायचंच तर उजव्या हाताची ती एकच तर्जनी घ्या, जिच्यावर मोटाउनची इतकी गाणी उभी आहेत. १९७१ पर्यंत मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत. ऑर्केस्ट्रात उभं राहणाऱ्याला हे जवळचं वाटतं.

बिनफ्रेटचा बेस वाजवणाऱ्या जाको पास्टोरियसच्या नादाने पक्कडीने फ्रेट उपटलेलीही एक गिटार माझ्याकडे आली होती. खाचा तशाच, लाकडाचे टवके निघालेले, आणि वर राउंडवाउंड तारा. त्या तारा कानशीसारखं लाकूड खातात. जाकोने फ्रेट काढल्यावर खाचा भरल्या होत्या आणि फिंगरबोर्डवर होड्यांना लावायचं इपॉक्सी चढवलं होतं. ही पुढची मेहनत कुणी सांगत नाही. आणि जाकोचा सूर त्या इपॉक्सीत नव्हता, कानात होता.

आपल्याकडचे बेसवादक म्हणाल तर आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ, रेहमानकडचे कीथ पीटर्स, आणि गाता गाता बेस वाजवणारे इंडियन ओशन बँडचे राहुल राम. शेवटचं काम किती अवघड आहे, ते एकदा करून बघा. बेसवादक मोहिनी डेचा वेग बघून मुलं थेट स्लॅपवर (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) उडी मारतात. तिने लहानपणी वडिलांकडे बसून काढलेले तास व्हिडिओत दिसत नाहीत.

घरी छान, स्टेजवर गायब

खोलीत एकटं वाजवताना बेस आणि ट्रेबल वर, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) खाली केलं की आवाज मखमली लागतो. बँडमध्ये तोच आवाज कुठेच नसतो. खाली ड्रमची किक आणि ढोलकीचा बाया बसलेले असतात, वर कीबोर्ड आणि झांजा. बेस ओळखू येतो तो मिडमध्ये. कालिदास कलामंदिरात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी घरचंच सेटिंग नेलं होतं. शेवटच्या रांगेत बसलेली बायको म्हणाली, "तुम्ही होतात का?"

अ‍ॅम्पला चिकटून उभं राहणं हेही त्यातलंच.  जो मिड हवाय तो जमिनीवरच्या अ‍ॅम्पमधून तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नाही. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका करा. घरात तो कोपऱ्यात असतो, भिंती खालचा आवाज फुगवून देतात. लॉन्सवर भिंतच नाही. म्हणून तिथे बेसचं बटण पिळत सुटू नका, स्पीकर फाटेल.

रियाज

गायकाने "काळी एक" ही पट्टी सांगितली की हात जागेवर गेला पाहिजे. पांढरी तीन ही चार तारी बेसची सगळ्यात खालच्या सुराची मोकळी तार. काळी दोन त्याच्याही खाली लागते, म्हणून आमच्या धंद्यात पाचवी तार चैनीची नाही. एकच गाणं काळी एक, काळी पाच आणि पांढरी चारमध्ये वाजवायचा सराव ठेवा. आयत्या वेळी गायिका बदलली की हेच कामाला येतं.

मेट्रोनोम ६० वर लावा आणि तो ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पडतोय असं धरून वाजवा. पहिले चार दिवस चिडचिड होईल. केहरव्यात बायाचा घुमारा धा, गे आणि धी वर येतो, पाचव्या मात्रेला खाली असते. मी पहिल्या मात्रेला षड्ज आणि सातव्या मात्रेला पंचम धरतो, मधलं मोकळं सोडतो. तिथे भरायचा मोह झाला की ढोलकीवाला मान वर करून बघतो, तेवढं पुरतं.

पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर आहे. तिथे चार फ्रेटला चार बोटं हा हट्ट धरून मनगट दुखवून घेऊ नका. खाली तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी (अनामिका तिच्या आधाराला) वापरा. डबल बेसवाले हेच करतात. पाचव्या फ्रेटच्या वर चार बोटं खुशाल लावा.

आणि मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड करा. अ‍ॅम्पशिवाय नाही, अ‍ॅम्प लावून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रत्येक सुरामागे एक बारीक घुंघुं ऐकू येत होती. आठवडाभर मी केबल बदलल्या, पिकअप खाली केले. ती माझी पाचवी तार होती, अंगठा उचलला की मोकळी सुटून मागे गुणगुणणारी. आता अंगठा पिकअपवर न टेकवता त्या तारेवरच टेकवतो.