पोलिश काउंटेस कॉपी करायचीय? आधी पाऊस जाऊ दे

ऑइल पेंटिंगमध्ये हात बसवायचा असेल तर कॉपी करायला मी एकच चित्र सांगतो, व्हिजे ल ब्रुन या फ्रेंच चित्रकर्तीने 1791 मध्ये रोमला केलेलं काउंटेस आना पोटोत्स्काचं पोर्ट्रेट. बाई पोलंडची, मागे तिवोलीचा धबधबा, ओरिजिनल अमेरिकेत फोर्ट वर्थच्या किंबेल म्युझियममध्ये. ल ब्रुनने आठवणींत लिहून ठेवलंय की नवरा बाहेर गेल्या गेल्या ही बाई म्हणाली, हा माझा तिसरा, पण बहुतेक परत पहिल्याकडेच जाईन, दारुडा आहे पण मला तोच बरा पडतो. हे डोक्यात ठेवून चेहरा रंगवा, नाहीतर कॅलेंडरवरची लक्ष्मी होते.

जून ते सप्टेंबर हात लावू नका. तेलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि आपल्या गोव्याच्या दमट हवेत ते रेंगाळतच बसतं. मी शहाणपणा करून गणेश चवथीच्या आधी सुरू केलेलं, कॅनव्हासच्या मागे बुरशी आली ती आली, गालावरचा रंगही चिकटच, माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायला आलेल्या काकांनी विचारलं, ही मडमीण आजारी काय रे?

तर नोव्हेंबरात 12 बाय 9 इंचाची प्रिंट काढा, फक्त चेहरा आणि खांदे, तिच्यावर एकेक इंचाचे चौकोन. 24 बाय 18 च्या कॅनव्हासवर तेच दोन-दोन इंचाचे, म्हणजे चौकोनाला चौकोन जुळवून चेहरा दुप्पट मोठा उतरवता येतो. पांढऱ्या कॅनव्हासवर डायरेक्ट जाऊ नका, बर्न्ट अंबर (मातकट तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पुसून घ्या, अंबर लवकर सुकतो कारण त्यात मँगनीज असतं.

मग त्याच अंबरने सगळी सावली मांडा. डोळे, नाकाखालची सावली, ओठांची कड. इथे दोन दिवस गेले तरी चालतील, इथे चुकलं तर पुढे लाली लावून काही सुधारत नाही. त्वचेला पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि व्हर्मिलियन (शेंदरी लाल) अगदी टाचणीच्या टोकाएवढा, सावलीत थोडा टेरे व्हर्टे, म्हणजे मातकट हिरवा. टायटॅनियम व्हाइट हळू सुकतो म्हणून थर पातळ ठेवा, आणि खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल जास्त, उलटं केलं की तडे जातात.

कपड्यांच्या चुण्या मोठ्या ब्रशने पटकन उरका.

अडलं तर पणजीला फाँतेन्यस वाड्यात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत जाऊन चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदादची पोर्ट्रेट्स बघा, सांगेचा माणूस, गालावरचा उजेड कसा टाकलाय ते जवळ जाऊन बघा.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पाणी भरलेल्या डब्यात टाका.

व्हार्निश सहा महिन्यांनी. तोवर तोंड भिंतीकडे करून ठेवू नका, काळोखात तेल पिवळं पडतं, आणि पावसात ओल येणाऱ्या भिंतीवर तर टांगूच नका.