बातमीमागचा मूळ शोधनिबंध फुकट कसा मिळवावा आणि कसा वाचावा

२०२४च्या एप्रिलमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी येऊन पडली. कच्छच्या कोळशाच्या खाणीत ५० फुटी सापाचे अवशेष, जगातला सर्वांत मोठा साप गुजरातेत! खाली झाडाला विळखा घातलेल्या अजस्र सापाचं चित्र. भाचीची मुलगी तेव्हा बडोद्यात दांडिया बाजारला माझ्याकडे राहायला आली होती. नववीतली पोर. तिनं विचारलं, "मावशीआजी, हे खरं आहे का गं?" मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. म्हटलं, "ज्यांनी शोध लावला त्यांनी स्वतः काय लिहिलंय तेच बघू की." अर्ध्या तासात तो पेपर, म्हणजे मूळ शोधनिबंध, आमच्या पुढ्यात उघडा होता आणि त्यासाठी एक पैसाही लागला नव्हता.

मी कॉलेजच्या लायब्ररीत बरीच वर्षं काढली. शोधनिबंध म्हणजे प्रोफेसरांचं काम, आपल्याला काय कळणार, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की जीव तुटतो. पूर्ण पेपर कळायची गरजच नसते. बातमीत आलेली गोष्ट मुळात तशीच आहे का, एवढं बघता आलं तरी खूप झालं, आणि तेवढं कुणालाही जमतं. कसं ते सांगते.

पहिली पायरी: बातमीतून धागा पकडा

बातमीत चार गोष्टी शोधा. संस्थेचं नाव, शास्त्रज्ञाचं नाव, जर्नलचं (म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाचं) नाव आणि त्या वस्तूचं शास्त्रीय नाव. आपल्याकडच्या बातम्यांत जर्नलचं नाव बऱ्याचदा गळलेलं असतं. "एका अभ्यासानुसार" एवढ्यावर भागवलेलं असतं. अशा वेळी तीच बातमी इंग्रजी वर्तमानपत्रात बघा, नाहीतर त्या संस्थेच्या वेबसाइटवरचं प्रसिद्धिपत्रक उघडा. तिथे धागा हमखास सापडतो.

आमच्या सापाच्या बातमीत दोन गोष्टी होत्या. आयआयटी रुरकी हे संस्थेचं नाव आणि वासुकी इंडिकस हे सापाचं. तेवढं पुरलं.

दुसरी पायरी: गूगल नको, गूगल स्कॉलर उघडा

साध्या गूगलवर टाकलं की पुन्हा बातम्यांचाच ढीग येतो. गूगल स्कॉलरवर मुख्यतः शोधनिबंध, प्रबंध आणि पुस्तकं येतात. शास्त्रीय नाव इंग्रजीत, दुहेरी अवतरण चिन्हांत टाका. प्रत्येक निकालाच्या उजव्या बाजूला पीडीएफची लिंक दिसली, तर फुकट प्रत तिथेच आहे असं समजा. दिसली नाही, तर निकालाच्या खाली "ऑल व्हर्जन्स" असं लिहिलेलं असतं, तिथे दाबा. एकाच पेपरच्या चार-पाच ठिकाणच्या प्रती निघतात आणि त्यातली एखादी खुली असते.

पेपरच्या पहिल्या पानावर डीओआय नावाचा एक क्रमांक असतो. १० या आकड्यानं सुरू होतो, मग टिंब, आणखी आकडे, मग तिरकी रेघ. जर्नलनं वेबसाइट बदलली, लिंक मेली, तरी हा क्रमांक बदलत नाही. म्हणून कुणाला पेपर पाठवायचा तर हा क्रमांक पाठवा. स्क्रीनशॉट पाठवू नका.

तिसरी पायरी: कुलूप दिसलं तर पाकीट काढू नका

इथे बहुतेक जण परत फिरतात. पेपर उघडला की सारांश दिसतो आणि खाली चौकट येते: पूर्ण लेखासाठी तीस-चाळीस डॉलर भरा. म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास, तेही एका लेखाचे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी आईच्या आजारपणात असे दोन पेपर विकत घेतले होते. त्यातला एक दुसऱ्या ठिकाणी फुकट पडलेला होता, हे त्यांना मागाहून कळलं. त्या दिवसापासून भेटेल त्याला मी हेच सांगत आलेय.

आधी बघा, पानावर नारिंगी रंगाचं उघडं कुलूप आहे का. असेल तर तो ओपन ॲक्सेस पेपर, म्हणजे सर्वांना खुला. वासुकीचा पेपर सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलमध्ये आला आणि ते जर्नल पूर्णपणे खुलंच आहे, त्यामुळे आमचं काम लगेच झालं. कुलूप बंद असेल तर अनपेवॉल नावाची छोटी सोय आपल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये बसवा. ती फुकट आहे आणि कायदेशीर आहे. कुठल्याही पेपरची खुली प्रत कुठे ठेवलेली असेल तर पानाच्या कडेला हिरवी खूण येते, तिच्यावर दाबलं की प्रत उघडते.

विषयानुसार आणखी काही दारं आहेत. वैद्यकाचं असेल तर पबमेड सेंट्रल. भौतिकशास्त्र, गणित, खगोलशास्त्र असेल तर अर्काइव्ह, त्याचं स्पेलिंग ए, आर, एक्स, आय, व्ही असं आहे. ते १९९१ साली पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं सुरू केलं आणि आजही फुकट आहे. भारतातल्या पीएचडीचे प्रबंध पाहिजेत तर शोधगंगा. ते चालवणारी इन्फ्लिबनेट संस्था आपल्या गांधीनगरलाच आहे. भारतीय विज्ञान अकादमीची जर्नल्सही वाचायला खुली आहेत. त्यातलं रेझोनन्स हे मासिक तर कॉलेजच्या मुलांसाठीच निघतं. घरात अकरावी-बारावीचं सायन्सचं पोर असेल तर त्याला ते जरूर दाखवा.

घरातलं कुणी सरकारी विद्यापीठात शिकत असेल तर आणखी एक दार उघडलंय. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती वाचता येतात. तुम्हाआम्हाला, म्हणजे निवृत्त माणसाला, शाळेतल्या मास्तरांना, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना मात्र ही सोय नाही. ते मला खटकतं, कारण मी बडोद्याची आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून लायब्ररी खातं उभं केलं, ते विद्वानांपुरतं नव्हतं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या आणि वाचणाऱ्याकडून फी घेतली जात नसे. ज्ञानाचं दार सर्वांना उघडं ठेवायचं हे या शहरानं तेव्हाच करून दाखवलंय. बुडापेस्टला जमलेल्या जगातल्या काही अभ्यासकांनी २००२ साली ओपन ॲक्सेसचा जाहीरनामा काढला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मांडवीची सेंट्रल लायब्ररीच आठवली.

एवढं करूनही पेपर नाहीच मिळाला, तर सरळ लेखकाला ईमेल करा. लेखकांच्या यादीत एका नावापुढे छोटं पाकीट काढलेलं असतं, तो पत्रव्यवहार बघणारा लेखक. तीन ओळी पुरतात: मी अमुक गावची वाचक आहे, तुमच्या या पेपरची बातमी वाचली, वाचायला प्रत पाठवाल का. आपला पेपर कुणी वाचू म्हणतंय याचा बहुतेक शास्त्रज्ञांना आनंदच होतो. मी आजवर अशी कितीतरी पत्रं लिहिली, बऱ्याच जणांनी पेपर पाठवले, काहींनी तर "अजून काही विचारायचं असेल तर विचारा" असंही लिहिलं.

चौथी पायरी: वाचायचं कसं

कथेसारखं पहिल्या ओळीपासून वाचू नका, दोन पानांत दमाल. आधी शीर्षक नीट वाचा, मग सारांश, मग आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी. त्यानंतर शेवटाकडची चर्चा. पद्धतीचा भाग सगळ्यात शेवटी, आणि तिथे फक्त एक गोष्ट बघा: किती नमुने, किती माणसं, किती हाडं.

वासुकीचा पेपर आम्ही असाच वाचला. शीर्षकातच पोरीला पहिली गोष्ट सापडली. तिथे "जगातला सर्वांत मोठा साप" असं नाहीच. मॅडसोइड नावाच्या नामशेष सापांच्या कुळातला सर्वांत मोठा ज्ञात साप, एवढंच आहे. बातमीनं "कुळातला" हा शब्द गाळला आणि "जगातला" हा पदरचा घातला.

मग आकृत्या. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळालेले २७ मणके, वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं. कवटी नाही, दात नाहीत. सगळ्यात रुंद मणका ११ सेंटीमीटरच्या वर. पोरीनं पट्टी आणून आपल्या तळहातावर धरली. तळहात कमी पडला.

आणि लांबी? आजच्या सापांत मणक्याची रुंदी आणि अंगाची लांबी यांचं जे नातं दिसतं, त्यावरून लेखकांनी दोन पद्धतींनी हिशेब केला. एका हिशेबानं ११-१२ मीटरच्या आसपास येतं, दुसऱ्यानं १५च्या आसपास. हे अंदाज जपून घ्यावेत असं लेखकांनी स्वतःच म्हटलंय. ५० फूट म्हणजे १५ मीटरच्या किंचित वर, म्हणजे बातमीनं दोन्हींतला वरचा आकडा तेवढा उचलला. कोलंबियात सापडलेल्या टायटनोबोआची लांबी साधारण १३ मीटर धरतात, तोही अंदाजच. मग मोठा कोण हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

पोर जरा हिरमुसली. मी तिला कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा आठवून दिला. तो मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, अख्खा टांगलेला, टेप लावून मोजता येतो. इथे टेप लावायला फक्त २७ मणके आहेत, बाकीचा साप हिशेबातून उभा केलाय. तो हिशेब कसा केला हे उघड लिहून ठेवलंय, म्हणून उद्या कुणी तो दुरुस्तही करू शकतो.

पाचवी पायरी: पेपर तपासलेला आहे की नुसता ठेवलेला

अर्काइव्ह, बायोअर्काइव्ह, मेडअर्काइव्ह या ठिकाणी प्रीप्रिंट असतात. म्हणजे लेखकांनी लिहून ठेवलेला, पण दुसऱ्या तज्ज्ञांनी अजून न तपासलेला पेपर. प्रीप्रिंट वाईट नसतो, पण तो पिकायचा असतो.

२०२३च्या जुलैत दक्षिण कोरियाच्या शास्त्रज्ञांनी एलके-९९ नावाच्या पदार्थाचे प्रीप्रिंट अर्काइव्हवर टाकले. साध्या तापमानाला विजेला शून्य रोध करणारा पदार्थ सापडला, असा दावा. खरा असता तर वीज वाहून नेताना होणारी गळती थांबवायची वाट निघाली असती. लोहचुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पण पेपर खुला होता, कृती लिहिलेली होती, म्हणून कुणालाही तो पदार्थ करून बघता आला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनंही केला, त्यांना अतिवाहकता, म्हणजे तो शून्य रोध, दिसली नाही. काही आठवड्यांत उलगडा झाला. नमुन्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ राहिली होती आणि १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्या सल्फाइडचाच रोध एकदम घसरतो.

म्हणून प्रीप्रिंट दिसला की त्याची तारीख बघा, आणि नंतर तो जर्नलमध्ये छापून आला का ते बघा. छापून आलेलाही मागे घेतला जाऊ शकतो. कोविडच्या काळात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावरचा एक मोठा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलनं २२ मे २०२० ला छापला आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला. मधल्या दिवसांत तो किती लोकांनी पुढे पाठवला असेल! असे मागे घेतलेले पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या खुल्या यादीत शोधता येतात.

औषधाबद्दलचा पेपर असेल तर प्रयोग उंदरांवर आहे की माणसांवर, हे सगळ्यात आधी बघा. आणि वाचून स्वतःची गोळी बदलू नका. पेपर छापून घ्या, डॉक्टरांसमोर ठेवा.

सहावी पायरी: खुलं असलं तरी जर्नल खरं आहे ना

ओपन ॲक्सेसमध्ये वाचणाऱ्याला पैसे पडत नाहीत, पण बऱ्याच ठिकाणी छापण्याचे पैसे लेखक भरतो. यातूनच लबाड जर्नल्स उगवली. माझ्या भाचीला एमएस्सीला असताना ईमेल आला होता: तुमचा लेख चार दिवसांत छापू, इतके रुपये भरा. तिनं भरले. लेख तपासला गेला नाही, तिच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट छापला गेला. तुमच्या घरात कुणी लिहिणारं असेल तर त्याला आधी डीओएजे या यादीत जर्नलचं नाव बघायला सांगा. ही खुल्या जर्नल्सची यादी २००३पासून चालू आहे. चार दिवसांत छापू म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि मग मराठीत लिहा

पेपरच्या शेवटी परवाना लिहिलेला असतो. तो "सीसी बाय" असेल तर लेखकाचं श्रेय देऊन, काय बदललं ते सांगून, तुम्ही त्याचं भाषांतर करू शकता, आकृत्या वापरू शकता, शाळेत वाटू शकता. परवानगी मागायची गरज नाही. हे कळल्यावर पोर टेप घेऊन आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, उतरली. आमच्या ओट्यापासून खडूनं रेघ मारत निघाली, ११ मीटर पाटणकरांच्या पायरीशी संपले, १५ थेट नळापाशी. तिथे दोन फुल्या मारल्या, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: "साप या दोन फुल्यांच्या मधे कुठेतरी. मणके २७. कवटी नाही." खाली डीओआय.