रविवारचं रेसकार्ड शनिवारी रात्री कसं वाचायचं

आमचा मामा परळला गिरणीत होता, आणि घोड्यांच्या रेसच्या आदल्या रात्री जेवण झालं की रेसकार्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांची छापील यादी, आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचा. तो घोडे निवडायचा नाही, खोडायचा. दहातले सहा-सात खोडून झाले की उरलेल्यांकडे बघत विडी पेटवायचा आणि म्हणायचा, "आता बोला." मला यातली गंमत कळायला बरीच वर्षं गेली कारण मी सुरुवातीला नावं बघून घोडे काढायचो, एकदा तर आजीच्या नावासारखं नाव दिसलं म्हणून पैसे लावले आणि तो घोडा इतका मागे राहिला की तो पोचेपर्यंत लोक कँटीनला निघाले होते.

तर ही मामाचीच पद्धत, थोडी माझी भर घालून. महालक्ष्मी आणि पुणे डोक्यात ठेवून लिहितोय, दोन्हीकडे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या रेस असतात, मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर. सगळ्या फ्लॅट रेस, म्हणजे उड्याबिड्या नाहीत, गवतावर सपाट पळायचं. आणि हे सगळं नशीब असतं असं कोणी म्हणालं तर १९९६ साली सुप्रीम कोर्टानेच घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ म्हटलंय, फक्त ते कौशल्य आपल्याकडे आहे का हा वेगळा प्रश्न.

पहिलं काम: घोडे सोडा, आधी रेस छाटा

दिवसाला सात-आठ रेस, प्रत्येकीत आठ-दहा घोडे, म्हणजे साठ ते ऐंशी नावं. सगळी वाचायला गेलात तर तिसऱ्या रेसला डोकं आउट. म्हणून आधी नुसतं प्रत्येक रेसचं वर्णन वाचा आणि वाचता येण्यासारख्या रेसवर टिक करा. ज्या रेसमधे निम्मे घोडे आयुष्यात पहिल्यांदा पळणार आहेत ती मी सरळ सोडतो, तिथे बाप कोण आई कोण आणि सकाळचं वर्क (म्हणजे सराव) सोडलं तर हाताला काही लागत नाही. ज्या रेसमधे बहुतेक घोडे एकमेकांशी आधी पळालेत, अंतरही तेच, ती सोनं. दिवसात अशा तीन निघाल्या तरी खूप झालं.

रेटिंग आणि वजन (इथे घाई करू नका)

आपल्याकडच्या बऱ्याच रेस हँडिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि त्यावरून क्लास ठरतो, क्लास फोर म्हणजे २० ते ४६, क्लास थ्री ४० ते ६६, असं वर चढत जातं. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे पाठीवर अर्धा किलो. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कच्च्यावर कमी, जॉकी हलका असेल तर शिशाच्या पट्ट्या घालून भरतात, म्हणजे कागदावर सगळे एकाच वेळी पोस्टवर, रेस संपते तिथे, पोचायला पाहिजेत. हे वजन ठरवणाऱ्या हँडिकॅपरचं कामच ते, आणि आपलं काम त्याची चूक कुठे झालीय ते शोधणं.

आता हिशोब. समजा १२०० मीटरची क्लास फोर. मागच्या महिन्यात याच अंतरावर २ नंबरने ५ नंबरला दोन लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मारलं होतं, दोघांवर सारखंच वजन. जिंकल्यामुळे २ नंबरचं रेटिंग सहाने वाढलं, ५ नंबरचं तेवढंच राहिलं, म्हणजे आज २ नंबरवर तीन किलो जास्त. आता एक ढोबळ माप लक्षात ठेवा, १०००-१२०० मीटरला एक लेंग्थ म्हणजे साधारण दीड किलो, १६०० ला एक किलोच्या आसपास, २४०० ला अर्ध्याच्या जवळ. तर दोन लेंग्थ म्हणजे तीन किलो, म्हणजे आज कागदावर दोघं बरोबरीत. लोक मात्र "याने त्याला मारलंय की" म्हणून २ नंबरवर तुटून पडतात. ५ नंबरला तेव्हा गेटमधून निघायला उशीर झाला होता असं व्हिडिओत दिसलं तर माझा कल ५ नंबरकडे झुकतो.

दुसरी जागा म्हणजे क्लासच्या हद्दी. ४० ते ४६ च्या मधला घोडा दोन्ही क्लासमधे बसतो. ४४ चा घोडा क्लास फोरमधे पळाला तर वरच्या टोकाचं वजन घेऊन कच्च्या घोड्यांशी, क्लास थ्रीमधे पळाला तर हलक्या वजनावर दादा लोकांशी. क्लास थ्रीमधे पाचवा-सहावा येऊन मार खाल्लेला घोडा रेटिंग उतरून क्लास फोरमधे आला की मी त्याला कधीच पटकन खोडत नाही, कारण आकडे वाईट दिसतात पण ते वाईट कोणासमोर झालेत ते बघायला पाहिजे ना. उलट खालच्या क्लासमधे सलग दोन जिंकून वर चढलेला घोडा सगळ्यांना आवडतो आणि तिसऱ्यांदा बऱ्याचदा अडकतो.

अंतर

घोडा किती मीटरवर जिंकलाय ते बघायचं, एवढं सोपं. अडचण येते अंतर वाढतं तेव्हा. सगळ्यात मोठं उदाहरण इंडियन डर्बी. डिसेंबरमधली इंडियन २००० गिनीज १६०० मीटरची, आणि फेब्रुवारीतली डर्बी २४०० ची, म्हणजे दीडपट. गिनीज जिंकलेला घोडा डर्बीला फेव्हरिट असतोच पण १६०० ला शेवटी कसा पळत होता, अजून दम होता की पोस्ट आली म्हणून वाचला, हे बघितल्याशिवाय मी त्याला टिक देत नाही. बाप लांब पल्ल्याचा असेल तर थोडा भरवसा. आणि फिली, म्हणजे तरुण घोडी, आहे म्हणून खोडू नका, १९४३ ची पहिलीच इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या फिलीने जिंकली होती.

ट्रॅक, रेल आणि पाऊस

पेपरात रेसच्या बातमीखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, अमुक मीटरपासून विनिंग पोस्टपर्यंत फॉल्स रेल लावलेत, रुंदी साधारण इतके मीटर. ही ओळ कोणी वाचत नाही. आतलं गवत सारखं सारखं तुडवलं जाऊन खराब होतं म्हणून तात्पुरता कठडा बाहेर सरकवून ती पट्टी झाकतात. तो कठडा काढतात त्या दिवशी आतली पट्टी ताजी असते, आणि आतून पुढे पळणाऱ्या घोड्याला ते फावतं. पहिल्या दोन रेस नुसत्या बघा, जिंकणारे आतून येतायत की बाहेरून, लगेच कळतं.

पुण्यात पावसामुळे सगळंच बदलतं. पेनेट्रोमीटर म्हणजे गवतात सोडलेला दांडा किती आत जातो त्याचा आकडा, आकडा मोठा तर जमीन मऊ. मऊ जमिनीवर काही घोड्यांचे पाय उचलतच नाहीत आणि काही खूश होतात, म्हणून जुन्या रिझल्टसमोर त्या दिवशी जमीन कशी होती ते लिहून ठेवायचं. मुंबईच्या कोरड्या ट्रॅकवरचा हिरो पुण्याच्या ऑगस्टमधे झिरो झालेला मी बघितलाय आणि तेव्हा माझे पैसेही होते त्याच्यावर, जाऊदे.

पुढे कोण पळणार

हे मामा डोक्यात करायचा, मी कागदावर करतो. प्रत्येक घोड्यासमोर पु, म, शे लिहायचं. पुढे पळणारा, मधे राहणारा, शेवटी येणारा. जुन्या रेसचे व्हिडिओ क्लबच्या साइटवर बघायला मिळतात, दोन-दोन मिनिटांचे तर असतात, चहा पीत बघून होतात. आता मोजा. अख्ख्या रेसमधे "पु" एकच असेल तर त्याला कोणी त्रास देणार नाही, तो आपल्या मर्जीने स्पीड ठेवेल, बेंडवर, म्हणजे वळणावर, श्वास घेईल आणि शेवटी परत पळेल, असा घोडा रेटिंगने दोन-तीन पॉइंट कमी असला तरी ठेवा. आणि "पु" चार असतील तर चौघं एकमेकांना जाळतात, शेवटच्या दोनशे मीटरला त्यांचे पाय जड होतात आणि मागून एखादा "शे" बाहेरच्या बाजूने आरामात येऊन घेऊन जातो. लोक त्याला फ्लूक म्हणतात.

गेटचा नंबर याच्याबरोबर वाचायचा. १००० मीटरला बाहेरच्या गेटवरून सुटणाऱ्या पुढच्या घोड्याला आत यायला जास्तीचं पळावं लागतं, शेवटी येणाऱ्याला गेटचं फारसं काही नसतं, त्याला फक्त वाट मोकळी मिळाली पाहिजे.

सकाळचं वर्क

पेपरात ट्रॅकवर्क छापतात, म्हणजे सकाळी वाळूच्या ट्रॅकवर कोण किती सेकंदात पळालं. ६०० मीटर ३८ सेकंद, पुढे शेरा, इझी, प्रेस्ड, मूव्ह्ड फ्रीली, असलं काहीतरी. नवीन माणूस फक्त सेकंद बघतो. मी शेरा आधी बघतो. जॉकीने ढकलून ढकलून काढलेले ३७ आणि लगाम धरून आरामात आलेले ३९ यात मला ३९ आवडतात. वर कोण बसला होता तेही बघा, रेसला जो जॉकी आहे तोच सकाळी बसला असेल तर स्टेबल (ट्रेनरचा तबेला) मनावर घेतंय असं समजायला हरकत नाही. बाकी वर्कवर फार विसंबू नका, वाळूवर सिंह आणि गवतावर शेळी असे घोडे कमी नाहीत, म्हणून हे मी बरोबरी सोडवायला वापरतो, वरच्या उदाहरणात २ आणि ५ अडकले होते तिथे.

जॉकी, ट्रेनर

मोठ्या जॉकीच्या मागे सगळे पळतात. मामाच्या पिढीत वसंत शिंदे, पांडू खाडे ही आपली माणसं नुसती कार्डावर दिसली की तिकीट, नंतर पेसी श्रॉफचा जमाना आला, आठ इंडियन डर्बी जॉकी म्हणून आणि मग ट्रेनर म्हणूनही तोच वरती. पण नावाचा भाव घोड्यात आधीच आलेला असतो. माझ्या कामाची गोष्ट एकच, एका ट्रेनरचे दोन घोडे एकाच रेसमधे असतील तर स्टेबलचा नेहमीचा जॉकी कुठल्या घोड्यावर बसला ते बघायचं. अ‍ॅप्रेंटिसला, म्हणजे शिकाऊ जॉकीला, वजनात सूट मिळते, लांब रेसमधे आणि गर्दीत ती सूट कुठे हरवते कळत पण नाही.

भाव बघायच्या आधी टक्के लिहा

एवढं झालं की खोडाखोडी करून तीन-चार घोडे उरतात. आता प्रत्येकासमोर टक्के लिहा, ही रेस शंभर वेळा पळवली तर हा किती वेळा जिंकेल. ५ नंबर ३५, २ नंबर २५, ८ नंबर २०, बाकी सगळे मिळून २०. बेरीज शंभर झालीच पाहिजे, नाहीतर आपण स्वतःला फसवतोय. मग भाव बघा. चारचा भाव, एकाला चार, म्हणजे पाचात एकदा, २० टक्के. माझ्या ३५ टक्केवाल्याला चारचा भाव मिळतोय म्हणजे एकतर मला काहीतरी दिसलंय किंवा मी काहीतरी विसरलोय, आणि परत कार्ड उघडतो. बहुतेक वेळा विसरलेलोच असतो.

९० टक्के कोणालाच देऊ नका. इल्युसिव्ह पिंपर्नेल नावाचा घोडा २३ पैकी २२ रेस जिंकला, तोसुद्धा एकदा हरलाच, आणि आपल्या रविवारच्या क्लास फोरमधे तसला कोणी नसतो. पैसे लावायचे का हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण बेटिंगवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता तो सप्टेंबर २०२५ मधे ४० वर गेला, म्हणजे प्रत्येक रेसला लावणारा माणूस सुरुवातच खड्ड्यातून करतो. लावायचेच तर रेसकोर्सवर अधिकृत काउंटरवर, गल्लीतल्या बुकीकडे अजिबात नाही. मी हल्ली बऱ्याच रविवारी नुसतं वहीत लिहितो आणि बघतो, मजा तेवढीच येते, बायकोही खूश.

रविवारी सकाळी आणि पॅडॉकमधे

आधी कोण विथड्रॉ झालाय ते बघा. एक "पु" निघून गेला तर रात्रीचं अख्खं गणित बदलतं, ते परत मांडा, आळस करू नका. मग पॅडॉक, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात ती जागा. सायस (घोडा सांभाळणारा) घोडा फिरवत असतो तेव्हा मी दोनच गोष्टी बघतो, घाम आणि चाल. मार्चच्या उन्हात थोडा घाम सगळ्यांनाच येतो पण मागच्या पायांमधे पांढरा फेस आणि मान सारखी झटकतोय म्हणजे रेस तिथेच पळून संपवतोय. मान खाली, कान हलतायत, पावलं लांब आणि सैल, असा घोडा चांगला. ब्लिंकर्स, म्हणजे डोळ्यांची झापडं, पहिल्यांदाच लावलेत का तेही बघा, इकडेतिकडे बघणारा घोडा त्याने एकदम सुधारतो कधीकधी.

रेस झाल्यावर

तिकीट फाडून निघून जाऊ नका. रात्री व्हिडिओ परत बघा आणि जिंकणारा सोडून चौथा-पाचवा बघा. कोणाची वाट अडली, कोण बेंडवर बाहेर फेकला गेला, कोणाला शेवटच्या शंभर मीटरला मोकळी जागा मिळाली आणि तो नुसता उडत आला. क्लबचे स्टुअर्ड्सही (रेसवर देखरेख करणारे अधिकारी) अशा गोष्टींची नोंद छापतात, सुटताना चार लेंग्थ गमावल्या, नाकातून रक्त आलं वगैरे, ती पण वाचा. रक्तवाल्यासमोर फुली. अडलेल्याचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर, तारीख, अंतर आणि जमीन कशी होती ते टाकून. माझ्या त्या पानावर आत्ता सहा नावं आहेत, त्यातलं एक येत्या रविवारच्या चौथ्या रेसमधे दिसतंय, १४०० मीटर, गेट ३, आणि अख्ख्या रेसमधे "पु" तो एकटाच.