हुतात्मा दिनाच्या देखाव्यासाठी 1930 चा झेंडा कसा शिवायचा

डिसेंबर सरत आला की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या शिलाई कारखान्यात शाळांचे सर चकरा मारायला लागतात. सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा 12 जानेवारीचा देखावा असतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांच्या वेशातली पोरं, गांधी टोप्या, एक-दोन गोरे शिपाई. सरांची मागणी एकच, "झेंडा जरा मोठा द्या, अशोकचक्र ठसठशीत दिसू दे."

मी विचारतो, "सर, या चौघांना फाशी कधी झाली?" तारीख सगळ्यांना पाठ असते, 12 जानेवारी 1931, येरवडा. मग त्यांच्या हातात अशोकचक्र येणार कुठून? ते झेंड्यावर आलं 22 जुलै 1947 ला. केशरी-पांढरा-हिरवा हा क्रमसुद्धा काँग्रेसने ठरवला तो ऑगस्ट 1931 मध्ये, म्हणजे फाशीनंतर. सोलापूरच्या नगरपालिकेवर एप्रिल 1930 मध्ये झेंडा चढला, मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, त्या काळात चलनात होता तो 1921 चा झेंडा. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. पिंगली वेंकय्यांनी आधी लाल-हिरवा एवढाच केला होता. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची, पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला सांगितला. पोरांच्या हातात द्यायचा तर हाच द्या.

माप 90 बाय 60 सेंटिमीटर धरा, पाचवी-सहावीच्या पोराला पेलतं. कापड खादी मिळाली तर उत्तम, नाहीतर सुती पॉपलीन. पॉलिस्टर नको, 1930 च्या माणसाच्या हातात ते चकाकतं आणि लांबूनच खोटं दिसतं. कापड आणलं की आधी भिजवून वाळवा, मगच कात्री लावा. सुती कापड आटतं, आणि तीन पट्टे कमी-जास्त आटले तर झेंड्याला चुण्या पडतात. लाल आणि हिरवं वेगवेगळ्या बादलीत. पाणी रंगीत निघत असेल तर ते निघेनासं होईपर्यंत धुवा, नाहीतर हिरवा पांढऱ्यात उतरणारच.

पट्टे कापडाच्या लांबीत, उभ्या धाग्यावर कापा. शिवून झाल्यावर प्रत्येक पट्टा 20 सेंटिमीटर उरायला हवा. मधला हिरवा दोन्हीकडे शिलाईत जातो म्हणून 22 रुंद कापा, पांढरा आणि लाल साडेबावीस, कारण त्यांना एका बाजूला शिलाई आणि दुसऱ्या बाजूला दुमड आहे. लांबी सगळ्यांची साडेब्याण्णव. पट्टे जोडले की शिलाईची एक कड अर्धी कातरा, दुसरी तिच्यावर दुमडून दाबटीप मारा. झेंड्याला उलटी बाजू नसते, दोन्हीकडून लोक बघतात, सुटे दोरे कुठेच दिसता कामा नयेत.

आता चरखा. खरं काम इथंच आहे. गडद निळं कापड घ्या (मी तेच वापरतो), सुलट बाजू आत येईल असं दुमडा, वर कागदी साचा ठेवून एकदाच कापा. दोन चरखे मिळतील, एकमेकांचे आरशातले. एक पुढून, एक मागून, कडा तंतोतंत जुळवून टाचा. उजेडासमोर धरून बघा, एकच आकृती दिसली पाहिजे. मगच टीप मारा. पुढून बघताना चरख्याचं चाक काठीकडे आणि चाती (सूत गुंडाळलं जातं ती सळई) मोकळ्या टोकाकडे ठेवलीत, तर मागूनही तसंच राहील, फक्त डावं-उजवं बदलेल. काही सर म्हणतात, दोन्हीकडून चाक डावीकडेच पाहिजे. तसं केलं तर दोन आकृत्या एकमेकींवर बसत नाहीत आणि पातळ कापडातून मागचा चरखा पुढे डोकावतो.

ही अडचण संविधान सभेतही निघाली होती. झेंड्याचा ठराव मांडताना नेहरूंनी सांगितलं की पूर्ण चरखा ठेवला तर झेंड्याच्या एका बाजूने तो एका तऱ्हेने दिसतो, दुसऱ्या बाजूने उलटा. म्हणून नुसतं चाक ठेवलं, आणि चाकाची आकृती अशोकाच्या स्तंभावरची घेतली. नेहरूंनी बाकी पुष्कळ मोठं सांगितलं असेल, पण एवढा मुद्दा कुठल्याही शिंप्याला पटेल.

काठीच्या बाजूला जाड पांढऱ्या कापडाचा नेफा लावा. तो 90 सेंटिमीटरमध्ये धरायचा नाही. बांबूच्या जाडीपेक्षा थोडा सैल ठेवा आणि वरचं तोंड शिवून बंद करा, म्हणजे मिरवणुकीत झेंडा घसरून पोराच्या डोक्यावर येत नाही.

त्याच फेरीत 26 जानेवारीचा झेंडा शिवून घेणार असाल तर पट्ट्यांचं माप हेच, रंग बदला. 90 बाय 60 ला चक्राचा व्यास ध्वजसंहितेत साडेअठरा सेंटिमीटर दिलाय. आरे 24. कोनमापक लागत नाही. कंपासने वर्तुळ काढा, कंपास तसाच ठेवून परिघावर खुणा करत जा, बरोबर सहा बसतात. प्रत्येक भागाचे दोन, पुन्हा दोन. झाले चोवीस.

दोन्ही झेंडे एकाच पिशवीत देऊ नका. नेफ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने साल लिहून ठेवा, कारण वाटायला येणारा माणूस कारखान्यातला नसतो.