बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू घराण्याची वंशावळ कशी शोधावी

सुरुवात कागदांपासून नको, नावापासून करा. बगदादी ज्यूंच्या नावातच अर्धी वंशावळ असते, आणि ती वाचायला मराठी माणसाला वेगळं शिकावं लागत नाही. आपल्यासारखंच स्वतःच्या नावानंतर वडिलांचं नाव. जेकब इलायस ससून म्हणजे इलायसचा मुलगा. इलायस डेव्हिड ससून म्हणजे डेव्हिडचा. मेख आडनावात आहे. १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या वडिलांचं नाव होतं ससून बेन सालेह. वडिलांचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं! म्हणून बगदादच्या पिढ्यांत आडनाव शोधत बसू नका. ‘बेन’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, ही साखळी पकडा.

आडनाव दिवेकर, राजपूरकर असं असेल, तर घराणं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. त्यांचा माग कोकणातल्या गावाकडे जातो.

मग प्रत्येकाच्या नावाची सगळी रूपं एका वहीत लिहा. इलियाहूचा इलायस होतो, यहेज्केलचा इझिकेल. डेव्हिड ससून यांचा थोरला मुलगा अब्दुल्ला पुढे आल्बर्ट झाला. काळा घोड्याचं १८८४ सालचं केनेसेथ इलियाहू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) जेकबनं वडिलांच्या, म्हणजे इलायसच्याच, नावानं बांधलं. ही वही नसेल तर एकाच माणसाची दोन माणसं होतात.

आता दफनभूमी. बगदादी ज्यूंची चिंचपोकळीला आहे. आधी परवानगी घ्या, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. अक्षरं उठावीत म्हणून दगडावर खडू किंवा ब्रश अजिबात फिरवू नका. झिजलेलं अक्षर पुन्हा मिळत नाही.

थडग्यावरचं साल बहुधा हिब्रू अक्षरांत असतं आणि त्यातले पाच हजार अनेकदा गाळलेले असतात. प्रत्येक हिब्रू अक्षराला आकड्याची किंमत असते. उदाहरणार्थ ‘ताव’ ४००, ‘रेश’ २००, ‘काफ’ २०, ‘हे’ ५. बेरीज ६२५, म्हणजे हिब्रू सन ५६२५. ६२५ मध्ये १२४० मिळवले की १८६५ येतं. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वजा करायचा. डेव्हिड ससून पुण्यात वारले ते याच ५६२५ मध्ये, पण नोव्हेंबर १८६४ ला. त्यांची कबर तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, आवारात आहे.

थडग्यावर बाईच्या माहेरची माहिती नसेल, तर घरात केतुबा आहे का विचारा. या विवाहकरारात वधूच्या वडिलांचंही नाव असतं. त्याखालोखाल मोलाची मृत्युपत्रं: मुली, जावई, दूरचे भाऊ एकाच कागदावर भेटतात. मुंबईतल्या अनेक जुन्या मृत्युपत्रांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरात आहेत.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यानं एकाच घरात दोन-तीन डेव्हिड सापडतील. प्रत्येकापुढे वडिलांचं नाव आणि पुरावा कुठे मिळाला ते लिहा. एखादा माणूस मुंबईत मध्येच दिसेनासा झाला, तर कलकत्ता, रंगून, हाँगकाँग, शांघाय इथल्या नोंदी बघा. इलायस १८४४ मध्येच व्यापारासाठी चीनला गेला होता.