नवरीला पोज कशी सांगायची (लग्नाचं शूट नव्याने करणाऱ्यांसाठी)

पाच वर्षं झाली लग्नाची शूट्स करतोय, त्याआधी दोन सीझन नुसता लाईट धरायला होतो. नवीन मुलं विचारतात कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, पण पहिल्या लग्नात वाट लागते ती समोरच्या माणसाला उभं कसं करायचं इथेच. माझी लागली होती. नवरीला म्हणालो ताई मान डावीकडे, नाही नाही तुमची डावी, खांदा खाली, हनुवटी वर, आता स्माईल... ती बिचारी ताठ होत गेली आणि मागून तिची मावशी, "अरे फोटो काढतोयस की एक्सरे?" सगळे हसले, नवरी पण हसली, आणि त्या दहा मिनिटांतला तेवढा एकच फोटो अल्बममध्ये गेला.

तेव्हापासून डावं-उजवं हा शब्दच काढत नाही. समोर उभं राहायचं आणि सांगायचं, मी आरसा, मी करतो तसं करा.

सगळ्यात कामाची हनुवटी. घाबरलेला माणूस मान मागे ओढतो, मग बारीक नवरदेवाला पण डबल चिन येते. कासवासारखी मान जराशी पुढे काढायला सांगा आणि हनुवटी बोटभर खाली. करणाऱ्याला येड्यासारखं वाटतं पण समोरून जबडा मस्त उठून दिसतो (साईडने काढू नका, तिथून खरंच कासव दिसतं).

आता नथ. ती डाव्या नाकपुडीत असते, त्यामुळे नवरीचा डावा गाल कॅमेऱ्याकडे हवा, नाहीतर घरच्यांनी हौसेने केलेली नथ अर्धी गायब. नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी असेल तर ती त्याच्याकडे जराशी वळली की हे आपोआप होतं. मी एकदा फ्रेम बरी दिसते म्हणून दोघांना उलटं उभं केलं होतं, सासूबाईंनी अल्बम बघून पहिला प्रश्न नथीचाच विचारला. फेट्याचा तुरा पण असाच, वर जागा सोडा, मी कापलेत.

हातांचं काय करू हे सगळेच विचारतात, त्यांना काम द्या. पदर सावरा, घड्याळ लावा, बाही नीट करा. दंड अंगाला चिकटला की चपटा होऊन रुंद दिसतो, म्हणून कोपर थोडं लांब. वजन मागच्या पायावर, की उभं राहणं आपोआप सैल होतं. चष्म्यात लाईट चमकत असेल तर काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काचा खाली झुकतात, चमक जाते.

दुपारच्या मुहूर्ताला उन्हात उभं करू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. सावली शोधा, पण गुलाबी-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली नको, चेहरे त्याच रंगाचे होतात आणि नंतर एडिटिंगला रात्र जाते.

मोबाईलवाल्यांना पण सांगतो, तोंडाजवळ जाऊन काढला की नाक मोठं येतं, पाचसहा फूट मागे या आणि झूम करा. ग्रुपमध्ये वाईड लेन्स कडेच्या माणसांना ताणते, सो अंगाने भरलेल्या काकूंना मध्ये घ्या, कारण सांगू नका, "काकू तुम्ही मध्ये पाहिजेच" म्हणा.

आणि डोळे मिटण्यावर उपाय, सगळ्यांना मुद्दाम डोळे मिटायला लावायचे, तीन म्हटलं की उघडायचे आणि क्लिक. आज्या एकलाच उघडतात, त्यांच्यासाठी दोनतीन जास्त काढून ठेवा.